वेब सर्व्हिस डिप्लॉय करताना इनपुट-आउटपुट पॅरामीटर कसे ठरवायचे?

रानवारा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, मशीन लर्निंगचं एक मॉडेल वेब सर्व्हिस म्हणून डिप्लॉय करायचंय, म्हणजे इतर प्रोग्रॅमना नेटवरून विचारता येईल असं चालू करायचंय, त्याबद्दल जरा सविस्तर विचारायचंय. पार्सल ठरलेल्या वेळेपेक्षा किती मिनिटं उशिरा पोचेल याचा अंदाज हे मॉडेल सांगतं. ट्रेनिंगच्या टेबलात ऑर्डर क्रमांक, अंतर, वजन, वाहनप्रकार, निघायची वेळ, पोचायची वेळ, त्या फेरीतला सरासरी वेग आणि उशीर-मिनिटं असे कॉलम आहेत. उशीर-मिनिटं हे लेबल, म्हणजे मॉडेलने सांगायची किंमत.

अ‍ॅझ्युअर मशीन लर्निंगच्या डिझायनरमध्ये (कोड न लिहिता कॉम्पोनंट तारांनी जोडायचं साधन) पाइपलाइन केली, ट्रेन झाली, स्कोअर छान आला. मग त्यावरून रिअल-टाइम इन्फरन्स पाइपलाइन, म्हणजे विचारल्याबरोबर अंदाज देणारी, बनवली तेव्हा वेब सर्व्हिस इनपुट आणि वेब सर्व्हिस आउटपुट हे दोन कॉम्पोनंट आपोआप जोडून मिळाले. पण टेस्ट करायला गेलं की सर्व्हिस इनपुटमध्ये उशीर-मिनिटं पण मागते, म्हणजे जे तिने सांगायचं तेच आपल्याकडून मागते. आणि उत्तरात आपण पाठवलेले सगळे कॉलम जसेच्या तसे परत येतात आणि सगळ्यात शेवटी स्कोअर्ड लेबल्स, म्हणजे मॉडेलचा अंदाज.

सर्व्हिस वापरणार दुसरी टीम, एक मोबाइल अ‍ॅप आणि एक वेबसाइट. त्यांना मॉडेलमधलं काही माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नाही. त्यातच त्यांचं म्हणणं की 'उशीर होणार' असा इशारा किती मिनिटांपासून दाखवायचा तो आकडा त्यांना बदलता यायला हवा. मग तो पण इनपुट पॅरामीटर करायचा का? डिप्लॉय केल्यावर हे सगळं बदलणं अवघड जाणार म्हणून आधीच नीट ठरवायचंय. कुणी हे केलं असेल तर कसं ठरवलंत ते सांगा.

तळटीप

डिझायनरचं आधी सांगतो, ते पटकन सुटेल. वेब सर्व्हिस इनपुटला स्वतःचा स्कीमा, म्हणजे कुठली फील्ड आणि कुठल्या प्रकारची याची यादी, नसतो. तो ज्या पोर्टला जोडलाय त्याच पोर्टला तुमचा डेटासेट पण जोडलेला आहे ना, तर त्या डेटात जे कॉलम असतील तेच कॉलम रिक्वेस्टमध्ये यावेत असं धरलं जातं. म्हणून लेबल मागतंय. डेटासेटच्या लगेच पुढे 'सिलेक्ट कॉलम्स इन डेटासेट' टाका, त्यात लेबल वगळा आणि वेब सर्व्हिस इनपुटची तार या सिलेक्टच्या पुढच्या कॉम्पोनंटला द्या. मध्ये कुठे 'क्लीन मिसिंग डेटा' किंवा 'एडिट मेटाडेटा' असेल आणि त्यात लेबलचं नाव निवडलेलं असेल तर तिथूनही काढा, नाहीतर कॉलम सापडत नाही म्हणून तिथे अडेल.

आउटपुटचं पण तसंच. स्कोअर मॉडेल हा कॉम्पोनंट आलेले सगळे कॉलम अधिक अंदाज असं सगळं पुढे ढकलतो, त्यामुळे स्कोअर मॉडेल आणि वेब सर्व्हिस आउटपुट यांच्या मधे अजून एक सिलेक्ट टाकून फक्त स्कोअर्ड लेबल्स ठेवा.

आता तार नेमकी कुठे जोडायची यावर थोडं थांबून विचार करा, कारण तिथेच तुमच्या सर्व्हिसचं इनपुट ठरतं. समजा ती नॉर्मलाइज करणाऱ्या कॉम्पोनंटच्या पुढे जोडलीत तर अ‍ॅपवाल्यांना वजन किलोत न पाठवता शून्य ते एकच्या मधला कुठलातरी आकडा पाठवावा लागेल, आणि तो काढायला त्यांना तुमच्या ट्रेनिंग डेटातलं किमान-कमाल वजन माहीत हवं. साफसफाईच्या आधी जोडलीत तर ते कच्चा डेटा पाठवतील आणि बाकी सगळं तुमच्याकडे होईल. मी कायम कच्च्याच्या बाजूचा आहे. मॉडेलला निघायची वेळ 'तास' आणि 'वार' अशा दोन कॉलममध्ये हवी असेल तर ते फोडायचं काम सर्व्हिसच्या आत करा. बोलावणाऱ्याला फक्त वेळ मागा. नाहीतर एक टीम सोमवारला ० म्हणणार, दुसरी रविवारला ० म्हणणार आणि दोघींना उत्तरं मात्र मिळत राहणार, एररही न येता.

पण रानवारा, माझा खरा आक्षेप दुसराच आहे. सरासरी वेग आणि पोचायची वेळ हे कॉलम ट्रेनिंगमध्ये कसे काय आहेत? पार्सल पोचल्याशिवाय ते कळणारच नाहीत. अ‍ॅपवाला जेव्हा सर्व्हिसला विचारेल तेव्हा पार्सल अजून निघालेलंही नसेल, मग तो वेग कुठून आणणार? इनपुट ठरवताना मी प्रत्येक कॉलमला एकच प्रश्न विचारतो, ज्या क्षणी कॉल होणार त्या क्षणी बोलावणाऱ्याच्या हातात ही किंमत असते का? नसेल तर तो इनपुट होऊच शकत नाही, मग ट्रेनिंगला कितीही उपयोगी असू दे. आणि नुसतं वेब सर्व्हिसच्या इनपुटमधून काढून भागणार नाही, मॉडेल त्यावर शिकलंय, ते कॉलम काढून पुन्हा ट्रेन करावं लागेल. छान स्कोअर बहुतेक त्यांच्याच जिवावर आलाय.

मुक्ता

तळटीप यांच्या शेवटच्या परिच्छेदाला +१. बाकी सगळं नंतर दुरुस्त करता येतं, हे येत नाही.

फक्त एक भर. असे कॉलम टाकून द्यायच्या आधी बघा की ती गोष्ट सर्व्हिसला स्वतःला शोधता येते का. या फेरीचा वेग आधी कळणार नाही, पण त्याच मार्गावरच्या आधीच्या फेऱ्यांचा सरासरी वेग तुमच्या डेटाबेसमध्ये असेल. मग इनपुटमध्ये फक्त मार्ग क्रमांक घ्यायचा आणि सरासरी सर्व्हिसने आत काढायची. ट्रेनिंग करताना मात्र प्रत्येक ओळीला त्या दिवसापर्यंतचीच सरासरी लावायची, आजची लावलीत तर भविष्यातली माहिती पुन्हा मागच्या दाराने आत शिरते.

अद्वैत२१

मी डिझायनर वापरत नाही, फास्टएपीआय (पायथनमध्ये वेब सर्व्हिस लिहायचं साधन) आणि पायडँटिक (आलेला डेटा तपासणारी लायब्ररी) यांवर सर्व्हिस लिहितो, पण प्रश्न तेच असतात. मला ज्या गोष्टीवर सगळ्यात जास्त वेळ द्यावासा वाटतो ती म्हणजे न आलेली किंमत. स्कीमात 'वजन: दशांश संख्या' एवढं लिहून लोक मोकळे होतात. पण वजन हे फील्ड रिक्वेस्टमध्ये आलंच नाही, ते आलं पण नल आलं, आणि ते शून्य आलं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. न येणं म्हणजे कदाचित अ‍ॅपची जुनी आवृत्ती आहे, तिला हे फील्डच माहीत नाही. नल म्हणजे विचारलं होतं पण माहिती नाही. आणि शून्य म्हणजे वजन खरंच शून्य, जे पार्सलच्या बाबतीत शक्य नाही, म्हणजे कुणीतरी रिकामी जागा शून्याने भरली. या तिन्हींचं काय करायचं ते प्रत्येक फील्डला वेगळं ठरवा आणि लिहून ठेवा. अंतर नसेल तर सरळ नकार द्या, अंतराशिवाय अंदाजाला अर्थच नाही. वजन नसेल तर चालेल, पण मग ट्रेनिंगमध्ये रिकाम्या वजनाला जे केलं होतं तेच इथेही व्हायला पाहिजे, मध्यक भरला असेल तर तोच मध्यक, तो आकडा मॉडेलसोबत सेव्ह करून ठेवलेला. आलेल्या रिक्वेस्टवरून नवीन मध्यक काढणारे कोड मी पाहिलेत, एका ओळीचा मध्यक म्हणजे तीच ओळ, आणि ती तर रिकामी आहे.

पायडँटिक वापरणाऱ्यांसाठी, आवृत्ती १ मध्ये एखादं फील्ड 'ऑप्शनल' लिहिलं की त्याला डिफॉल्ट नल आपोआप मिळायचं. आवृत्ती २ मध्ये तसं नाही. ऑप्शनल लिहून डिफॉल्ट दिलं नाही तर फील्ड पाठवणं सक्तीचंच राहतं, फक्त त्यात नल चालतं. आवृत्ती बदलताना हे बघितलं नाही तर काल चालणाऱ्या रिक्वेस्ट आज ४२२, म्हणजे 'इनपुट चुकलं' ही एरर, देऊ लागतात.

दुसरं, जास्तीची फील्ड. स्कीमात नसलेलं काही आलं तर पायडँटिक मुळात गप्प दुर्लक्ष करतं. म्हणजे कुणी 'वाहनप्रकार' च्या ऐवजी 'वाहन_प्रकार' असं पाठवलं आणि ते फील्ड ऐच्छिक असेल तर त्याची किंमत फेकली जाणार, डिफॉल्ट लागणार, आणि उत्तर २००, म्हणजे 'सगळं ठीक', येणार. म्हणून मी जास्तीच्या फील्डला बंदी घालतो, टायपिंगची चूक पहिल्याच टेस्टला सापडते.

तिसरं, मर्यादा. अंतर शून्यापेक्षा जास्त हवं, आणि ट्रेनिंगमध्ये जेवढं कमाल अंतर होतं त्याच्या फार पलीकडचं आलं तर काय, ते ठरवा. डिसिजन ट्रीवर आधारलेली मॉडेलं ट्रेनिंगच्या टप्प्याबाहेर गेलं की तोच शेवटचा आकडा देत बसतात. नकार द्या किंवा उत्तरात 'टप्प्याबाहेर' अशी खूण द्या, पण गप्प राहू नका.

शब्दांगण

माझा अगदी बेसिक प्रश्न आहे, हे पॅरामीटर यूआरएलमध्ये द्यायचे का बॉडीत? आमच्याकडे एकजण म्हणतो नुसतं वाचायचंय, काही बदलायचं नाही, तर गेट रिक्वेस्टच हवी.

तळटीप

@शब्दांगण, दोनतीन साधी फील्ड असतील, त्यात खाजगी काही नसेल, आणि तेच उत्तर कॅशमध्ये ठेवून चालणार असेल तर गेट आणि क्वेरी पॅरामीटर उत्तम. पण मॉडेलच्या सर्व्हिसला सहसा पोस्ट (बॉडीत डेटा घेऊन जाणारी रिक्वेस्ट) आणि जेसन (नाव आणि किंमत अशा जोड्यांचा मजकूर) बॉडीच ठेवतात. एकतर यूआरएल सर्व्हरच्या लॉगमध्ये, प्रॉक्सीच्या लॉगमध्ये, ब्राउझरच्या हिस्टरीत राहतं, त्यामुळे पत्ता किंवा फोन नंबर त्यात जाता कामा नये. दुसरं म्हणजे एका कॉलमध्ये शंभर ओळी पाठवायच्या म्हटल्या तर यूआरएल पुरत नाही. गेटलाच बॉडी जोडायची कल्पना मात्र सोडून द्या. २०२२ साली आलेल्या आरएफसी ९११० या एचटीटीपीच्या मानकात स्पष्ट लिहिलंय की गेटच्या बॉडीला सर्वसाधारण असा काही अर्थ ठरवलेला नाही, आणि मधले काही सर्व्हर अशी रिक्वेस्ट नाकारतात पण.

ओपनएपीआय म्हणजे सर्व्हिसचं इनपुट-आउटपुट लिहून ठेवायची ठरलेली पद्धत, त्यात पॅरामीटरच्या मुख्य जागा चार, पाथ, क्वेरी, हेडर आणि कुकी, आणि रिक्वेस्ट बॉडी त्यांच्यापासून वेगळी. ओळखपत्राची की हेडरमध्ये, एखादी विशिष्ट गोष्ट दाखवायची असेल तर तिचा आयडी पाथमध्ये, आणि मॉडेलला लागणारा डेटा बॉडीत, एवढं पाळलं तरी पुष्कळ झालं.

गवाक्ष

वाहनप्रकार या कॉलमबद्दल कुणीच बोललं नाही, आणि डिप्लॉय झाल्यावर सगळ्यात जास्त रडवतो तो असाच कॉलम.

ट्रेनिंगमध्ये पांडाज या पायथनच्या टेबल-लायब्ररीतल्या गेट-डमीज फंक्शनने वाहनप्रकाराचे कॉलम फोडले असतील, बाइक, व्हॅन, ट्रक असे तीन झाले. आता सर्व्हिसला एकच ओळ आली, त्यात वाहन व्हॅन. त्याच एका ओळीवर गेट-डमीज चालवलं तर एकच कॉलम निघतो, व्हॅन. कारण त्याला बाकीचे दोन होते हे माहीतच नाही. म्हणून फोडणारी गोष्ट पण मॉडेलसोबत सेव्ह झाली पाहिजे. सायकिट-लर्न या मशीन लर्निंगच्या लायब्ररीतला वनहॉटएन्कोडर वापरा, तो श्रेणींची यादी लक्षात ठेवतो, मॉडेल आणि तो मिळून एक पाइपलाइन करा आणि ती आख्खी पाइपलाइन डिप्लॉय करा.

मग कधीही न पाहिलेलं वाहन आलं तर? एन्कोडरला अनोळखी किंमत दुर्लक्षित करायला सांगता येतं, मग तिन्ही कॉलममध्ये शून्य जातं आणि अंदाज येतो. सोयीचं आहे, पण तो अंदाज कशाच्या जोरावर आला ते कुणाला कळत नाही. माझं मत, सर्व्हिसच्या दारातच ठरावीक किमतींची यादी स्कीमात द्या आणि यादीबाहेरचं आलं की नाकारा, चालणाऱ्या किमती एररमध्ये सांगा. येणारी प्रत्येक रिक्वेस्ट इतकी महत्त्वाची असेल की नकार परवडत नाही, तर 'इतर' अशी किंमत ट्रेनिंगपासूनच ठेवा.

कॉलमच्या क्रमाचं पण बघा. जेसन ऑब्जेक्टमधल्या फील्डच्या क्रमावर काहीही अवलंबून ठेवायचं नसतं. नुसता आकड्यांचा अ‍ॅरे मॉडेलला दिला आणि अंतर-वजन उलटे झाले तर मॉडेल तक्रार करणार नाही. नावांसकट डेटाफ्रेम दिली तर सायकिट-लर्न नावं तपासतं, १.० आवृत्तीत नावं जुळली नाहीत की नुसती वॉर्निंग यायची, १.२ पासून सरळ एरर येते. ही एरर हवीच आहे, ती टाळायला नावं काढून टाकू नका.

अद्वैत२१

गवाक्ष, पहिल्या मुद्द्याला शंभर टक्के सहमत. 'इतर' बद्दल थोडा साशंक आहे, ट्रेनिंगमध्ये 'इतर' च्या मोजक्याच ओळी असतील तर त्याचा अंदाज यादृच्छिकच असणार. पण निदान तो कुठून आला हे तरी कळतं, हे मान्य.

मुक्ता

आउटपुटबद्दल लिहिते, कारण इनपुटवर सगळे भरभरून बोलतात आणि आउटपुट म्हणजे जे येईल ते असं धरतात.

रानवारा, तुमच्या उत्तरातलं फील्ड 'स्कोअर्ड लेबल्स' या नावाने बाहेर जाऊ देऊ नका. ते डिझायनरने ठेवलेलं नाव आहे, उद्या मॉडेल दुसऱ्या साधनात बनवलंत तर नाव बदलेल आणि अ‍ॅप मोडेल. बाहेर पडायच्या आधी 'एडिट मेटाडेटा' ने नाव बदला, आणि नावातच एकक घाला, 'अंदाजे_उशीर_मिनिटं' असं. नुसतं 'उशीर: ९०' हे मिनिटं का सेकंद ते वाचणाऱ्याला अंदाजाने ठरवावं लागतं.

पाठवलेले सगळे कॉलम परत द्यायची गरज नाही. पण अनेक ओळी एकत्र पाठवत असतील तर कुठलं उत्तर कुठल्या ओळीचं हे कळायला हवं, म्हणून ऑर्डर क्रमांक इनपुटमध्ये घ्या आणि तसाच आउटपुटमध्ये परत द्या. तो मॉडेलला द्यायचा नाही, त्याचं काम फक्त जुळवणीचं.

त्याशिवाय मी दोन फील्ड कायम देते, मॉडेलची आवृत्ती आणि रिक्वेस्टचा आयडी. सहा महिन्यांनी कुणीतरी येऊन म्हणतं त्या दिवशी चुकीचं उत्तर आलं होतं, तेव्हा कुठल्या मॉडेलने दिलं होतं ते या दोनांशिवाय शोधताच येत नाही.

फास्टएपीआयवाल्यांनी रिस्पॉन्स मॉडेल जरूर जाहीर करा. त्यात नसलेली फील्ड बाहेर जाण्याआधी गाळली जातात, म्हणजे आतलं काही चुकून बाहेर पडत नाही. आणि एरर बाहेर काय घेऊन जाते तेही बघा, पायडँटिक २ च्या एररमध्ये चुकलेलं इनपुट जसंच्या तसं परत येतं. फोन नंबर चुकीच्या फॉर्मॅटमध्ये आला तर तो एररमध्येही दिसणार आणि एरर लॉग करत असाल तर लॉगमध्येही.

ओळंबा

जेसनच्या सांध्यात अडकणाऱ्या काही गोष्टी लिहितो, यातली प्रत्येक आम्ही प्रोडक्शनमध्ये पाहिली आहे.

जेसनमध्ये 'नॅन' म्हणजे 'संख्या नाही' ही किंमत नसते, अनंतही नसतं. पण पायथनची नेहमीची जेसन लायब्ररी ती बिनदिक्कत लिहिते, आणि मग जावास्क्रिप्टचा पार्सर आख्खं उत्तर नाकारतो. एका ओळीचा अंदाज नॅन आला आणि बाकी ९९ ओळींची उत्तरं पण गेली. फास्टएपीआयमध्ये तर सर्व्हरच ५००, म्हणजे सर्व्हरची स्वतःची एरर, देऊ शकतो. म्हणून आउटपुटमध्ये अंदाज नल असू शकतो असं स्कीमात लिहा आणि शेजारी कारणाचं फील्ड द्या.

नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीतला फ्लोट३२ हा दशांश प्रकार जेसनमध्ये थेट जात नाही, साध्या फ्लोटमध्ये बदलून घ्यावा लागतो. ही एरर निदान लगेच दिसते.

मोठे आयडी मात्र गप्प घात करतात. जावास्क्रिप्टमध्ये पूर्णांक ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच बिनचूक राहतात, त्यापुढे शेवटचे अंक बदलू शकतात. ऑर्डर क्रमांक लांब असेल तर तो संख्या म्हणून न ठेवता स्ट्रिंग म्हणूनच घ्या-द्या. तसंही त्याची बेरीज कुणी करत नाही, आणि सुरुवातीची शून्यं पण टिकतात.

वेळ कायम आरएफसी ३३३९ या मानकाच्या फॉर्मॅटमध्ये मागा, आणि टाइमझोनचा ऑफसेट, म्हणजे यूटीसी या जागतिक वेळेपासूनचा फरक, सक्तीचा करा. ऑफसेट नसलेली वेळ आली तर नाकारा. मोबाइल स्थानिक वेळ पाठवणार, सर्व्हर ती यूटीसी समजणार, आणि 'तास' हे फीचर काही तासांनी सरकणार, अंदाज मात्र दिसायला ठीकच दिसणार.

इनपुटमध्ये मजकूर असेल तर लांबीची मर्यादा कशात मोजताय ते ठरवा. 'क्षी' हे आपल्याला एक अक्षर, युनिकोडमध्ये चार कोड पॉइंट, आणि यूटीएफ-८ मध्ये बारा बाइट. मर्यादा बाइटमध्ये लावली तर देवनागरी लिहिणाऱ्याला इंग्रजीवाल्याच्या एक तृतीयांश जागा मिळते.

रानवारा

एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार. पोचायची वेळ आणि त्या फेरीचा वेग काढून पुन्हा ट्रेन केलं. स्कोअर खाली आला, पण आता त्यावर विश्वास ठेवता येईल. मार्ग क्रमांकावरून मागची सरासरी काढायची कल्पना पण घेतोय. सिलेक्ट कॉलम्स दोन्हीकडे लावल्यावर सर्व्हिस लेबल मागत नाही.

इशाऱ्याच्या आकड्याचं काय करू ते राहिलंच. इनपुटमध्ये घेऊ का?

गवाक्ष

घेऊ नका असं मला वाटतं. सर्व्हिसने मिनिटं सांगावीत. किती मिनिटांना लाल रंग दाखवायचा हा अ‍ॅपचा प्रश्न.

मुक्ता

मला तसं नाही वाटत. अ‍ॅप आणि वेबसाइट दोघांनी स्वतःपुरतं ठरवलं तर एकाच पार्सलला एकीकडे 'वेळेवर' आणि दुसरीकडे 'उशीर' दिसेल आणि लोक मॉडेलला दोष देतील. निर्णय एकाच जागी व्हावा.

तळटीप

दोघांचं बरोबर आहे, कारण पॅरामीटर तीन वेगवेगळ्या ठिकाणी राहू शकतात आणि कुठला कुठे हे तो कोण बदलणार आणि कधी यावरून ठरतं.

दर कॉलला बदलणारं, बोलावणाऱ्याला माहीत असलेलं ते रिक्वेस्टमध्ये. वजन, अंतर, निघायची वेळ. डिप्लॉयमेंटला एकदा ठरणारं, कधीतरी बदलणारं, आणि बदललं तर सगळ्यांना एकदम लागू व्हायला हवं असं ते सर्व्हिसच्या कॉन्फिगरेशनमध्ये, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणा किंवा कॉन्फिग फाइल. आणि ट्रेनिंगसोबत जन्मलेलं, जसं मध्यक, नॉर्मलाइज करायचे किमान-कमाल, श्रेणींची यादी, ते मॉडेलच्या फाइलसोबतच राहिलं पाहिजे. ते कॉन्फिगमध्ये ठेवलंत तर नवीन मॉडेल आणि जुना मध्यक अशी जोडी कधीतरी लागणारच.

इशाऱ्याचा आकडा दुसऱ्या ठिकाणचा आहे. कॉन्फिगमध्ये डिफॉल्ट ठेवा, उत्तरात मिनिटं द्या, इशारा हो-नाही द्या, आणि कुठला आकडा लावून इशारा ठरवला तो पण द्या. अ‍ॅपला खरंच वेगळा हवा असेल तर रिक्वेस्टमध्ये ऐच्छिक पॅरामीटर म्हणून घ्या, किमान-कमाल मर्यादेसकट. पण डेटाच्या ओळींत मिसळू नका, बॉडीत 'डेटा' एक भाग आणि 'पर्याय' दुसरा भाग. डिझायनरच्या आधीच्या क्लासिक स्टुडिओत कॉम्पोनंटची एखादी सेटिंग 'वेब सर्व्हिस पॅरामीटर' म्हणून बाहेर काढता यायची आणि ती रिक्वेस्टमध्ये इनपुटच्या ओळींपासून वेगळ्या 'ग्लोबल पॅरामीटर्स' मध्ये जायची. क्लासिक ३१ ऑगस्ट २०२४ ला बंद झालं, पण ती विभागणी शिकण्यासारखी होती.

आणि डेटाबेसचा पासवर्ड, स्टोरेजची की असलं काही कधीही रिक्वेस्टचा पॅरामीटर करू नका. ते सिक्रेट स्टोअरमधून.

ओळंबा

स्वतःची स्कोअरिंग स्क्रिप्ट लिहिणार असाल तर, अ‍ॅझ्युअरमध्ये त्या फाइलला इनिट आणि रन अशी दोन फंक्शन लागतात. मॉडेल इनिटमध्येच लोड करा, ते एकदाच चालतं, रन दर कॉलला चालतं. इन्फरन्स-स्कीमा नावाचं पॅकेज आहे, त्यात इनपुट आणि आउटपुटचा एकेक नमुना दिला की त्यावरून प्रकार ठरतात आणि स्वॅगर, म्हणजे सर्व्हिसच्या वर्णनाची फाइल, तयार होतं. नमुना मात्र खरा वाटेल असा द्या. वजनाला नमुना म्हणून पूर्णांक दिलात तर स्कीमात वजन पूर्णांक होतं.

एमएलफ्लो या मॉडेल साठवायच्या आणि डिप्लॉय करायच्या साधनात पण याच जातीची अडचण येते. सिग्नेचर, म्हणजे मॉडेलच्या इनपुट-आउटपुटची नोंद, डेटावरून काढताना कॉलम पूर्णांक दिसला आणि प्रत्यक्षात कधी रिकामी किंमत आली तर पांडाज तो कॉलम दशांश करतं, मग प्रकार जुळत नाही म्हणून मॉडेल नाकारतं. रिकामं येऊ शकणारे पूर्णांक कॉलम सिग्नेचर काढायच्या आधीच दशांश करून ठेवा.

आणि वेळेची मर्यादा. अ‍ॅझ्युअरच्या मॅनेज्ड ऑनलाइन एंडपॉइंटला (सर्व्हिसचा पत्ता, जो अ‍ॅझ्युअरच सांभाळतं) रिक्वेस्ट टाइमआउट डिफॉल्ट ५००० मिलिसेकंद असतो. एका कॉलमध्ये किती ओळी चालतील याची कमाल मर्यादा स्कीमात लिहा, ती मोजून ठरवा, नाहीतर कुणीतरी दिवसाच्या सगळ्या ऑर्डरी एकदम पाठवतो. तेवढं काम बॅच एंडपॉइंटचं, जिथे उत्तर लगेच नको असतं.

शब्दांगण

शंभर ओळींत एक ओळ चुकीची असेल तर आख्खी रिक्वेस्ट नाकारायची का?

अद्वैत२१

बॉडीचा साचाच चुकला असेल, म्हणजे जेसन तुटलेलं किंवा डेटाचा भागच नाही, तर आख्खी नाकारा, ४०० किंवा ४२२, कुठलाही घ्या पण सगळीकडे एकच. एखाद्या ओळीतली किंमत चुकली असेल तर बाकीच्यांची उत्तरं द्या आणि त्या ओळीला अंदाज नल, कारण भरलेलं. ओळ गाळू नका, शंभर आल्या तर शंभर परत. गाळली की क्रमावर भरवसा ठेवणारा अ‍ॅप पुढची सगळी उत्तरं एका ओळीने सरकलेली दाखवतो. एररचा साचा नव्याने बनवायची गरज नाही, आरएफसी ९४५७ मध्ये तयार आहे, प्रकार, शीर्षक, स्टेटस, तपशील. त्यात कुठलं फील्ड चुकलं तेवढं जोडा.

रानवारा

तर आता असं धरलंय. इनपुटच्या डेटात ऑर्डर क्रमांक स्ट्रिंग, अंतर किमीत सक्तीचं, वजन किलोत ऐच्छिक, वाहनप्रकार ठरावीक यादीतून, मार्ग क्रमांक, निघायची वेळ ऑफसेटसकट. पर्यायात फक्त इशाऱ्याची मिनिटं. आउटपुटमध्ये ऑर्डर क्रमांक, अंदाजे उशीर मिनिटं, इशारा, लावलेली मर्यादा, ओळीची अडचण असेल तर ती, आणि वरच्या पातळीवर मॉडेलची आवृत्ती आणि रिक्वेस्ट आयडी. इतकं सगळं डिझायनरमध्ये ओढाताण करून बसवण्यापेक्षा मॉडेल तिथेच ठेवून त्याच्या पुढे एक छोटी फास्टएपीआय सर्व्हिस उभी करतोय, तपासणी आणि नावं बदलणं तिथे.

शेवटचं विचारतो, पुढे पावसाची माहिती पण घ्यायची आहे. तेव्हा जुनं अ‍ॅप न मोडता फील्ड कसं वाढवायचं?

मुक्ता

पावसाची माहिती अ‍ॅपकडून कशाला, मार्ग आणि वेळ तुमच्याकडे येतेच आहे, सर्व्हिसनेच हवामानाचा अंदाज आणावा. ट्रेनिंगमध्ये पण प्रत्यक्ष पडलेला पाऊस न घेता निघायच्या आधी उपलब्ध असलेला अंदाजच घ्या. मग इनपुट बदलणारच नाही.

तळटीप

आणि दुसरं एखादं फील्ड खरंच वाढवावं लागलं तर ते ऐच्छिक ठेवा, डिफॉल्टसकट, म्हणजे जुन्या रिक्वेस्ट चालत राहतात. आउटपुटमध्ये फील्ड वाढवणं सहसा चालतं, फक्त अ‍ॅपवाल्यांना आत्ताच सांगून ठेवा की अनोळखी फील्ड आलं तर दुर्लक्ष करा. ऐच्छिकचं सक्तीचं करणं, नाव किंवा प्रकार किंवा एकक बदलणं, यादीतली किंमत काढणं, हे सगळं मोडणारं, त्याला नवीन आवृत्तीचा पाथ द्या आणि जुनी काही काळ शेजारी चालू ठेवा. मॅनेज्ड एंडपॉइंटवर एकाच पत्त्यामागे दोन डिप्लॉयमेंट ठेवून ट्रॅफिक टक्क्यांत वाटता येतं, पण ते फक्त मॉडेल बदलताना, स्कीमा तोच असताना वापरा. स्कीमा वेगळा असेल तर तीच रिक्वेस्ट कधी चालेल, कधी नाही.

ओळंबा

तयार झालेली ओपनएपीआयची फाइल कोडसोबत गिटमध्ये ठेवा आणि दर बिल्डला नवीन फाइल जुनीशी ताडून बघा, सक्तीचं फील्ड वाढलं किंवा आउटपुटमधलं एखादं गेलं की बिल्ड थांबवायचा. आणि वर लिहिलेली यादी अ‍ॅपवाल्यांना डिप्लॉयच्या आधी दाखवा, नमुन्याच्या एका रिक्वेस्ट-रिस्पॉन्ससकट. मार्ग क्रमांक त्यांच्याकडे ऑर्डर घेतानाच असतो का, हे तुम्ही अजून विचारलेलं दिसत नाही.

रानवारा

नाही विचारलेलं. आजच विचारतो.